जमिनीला कान लावणारे रॉबर्ट मॅलेट

सुरतेत मेट्रोचं काम निघालं तेव्हापासून उधना-लिंबायतच्या आपल्या खानदेशी माणसाला एक प्रश्न पडतोच. शहर वसलंय तापीच्या गाळावर, आणि व्यारा-सोनगड करत नवापूरकडे यावं तसा काळा पाषाण वर येतो. मग कुठे किती माती, खडक किती खोल, हे खणायच्या आधी कसं कळतं? बोअर मारून कळतं, पण ते तेवढ्याच जागेचं. दोन बोअरच्या मधलं समजायला जमिनीला धक्का देतात आणि लहर कुठे किती वेळात पोचली ते मोजतात. मुद्दाम धक्का देऊन लहर मोजण्याची सुरुवात केली रॉबर्ट मॅलेट यांनी.

जन्म 3 जून 1810, आयर्लंडमधल्या डब्लिनचा. वडिलांचा लोखंड ओतण्याचा कारखाना. मुलगाही त्यातच पडला, पूल आणि दीपगृहाची कामं केली. भूकंपाचा नाद लागला तो एका पुस्तकातल्या चित्रामुळे. इटलीत 1783 च्या भूकंपात दोन दगडी स्तंभांचे चिरे पडले नव्हते, नुसते जागच्या जागी फिरले होते. ते का, याचा विचार करता करता 1846 मध्ये त्यांनी भूकंप म्हणजे जमिनीतून धावणारी लहर, असा निबंध वाचला.

लहर आहे तर वेग हवा. ऑक्टोबर 1849 मध्ये डब्लिनजवळच्या किलायनीच्या किनाऱ्यावर त्यांनी वाळूत बंदुकीची दारू पुरून उडवली. अर्ध्या मैलावर पाऱ्याचं भांडं. पाऱ्यात दिसणारं तारांचं प्रतिबिंब हललं की लहर आली. मदतीला मुलगा जॉन होता. वाळूत वेग निघाला सेकंदाला साधारण 250 मीटर, ग्रॅनाइटमध्ये 500 च्या आसपास.

आकडे चुकलेच होते. धड ग्रॅनाइटमधून लहर सेकंदाला चार-पाच किलोमीटर धावते. मॅलेट यांनी दोष खडकातल्या भेगांना दिला. पहिला बारीक कंप पाऱ्यात दिसलाच नसावा. पुढे अमेरिकेत अ‍ॅबट यांनी मोठ्या स्फोटांवरून जास्त वेग काढला, तर मॅलेट ते मानेनात. हट्टी होते, दुसरं काय!

आजची पद्धत मात्र त्यांच्या पुढची आहे. उधन्याहून जवळच जायचं तर माणूस गल्लीतून जातो, पण भरूचला जायचं तर आधी हायवेला लागतो आणि गल्लीबोळातून गेलेल्याच्या आधी पोचतो. लहरीचंही तसंच. खालच्या कडक थरात उतरून ती पुढे निघून जाते. पत्र्यावर घणाचे ठोके, एका ओळीत ठेवलेली यंत्रं, आणि अनेक जागी ठोके देऊन मिळालेल्या वेळांवरून संगणक खालचं चित्र जुळवतो. सुरतेवरून जाणाऱ्या बुलेट ट्रेनच्या मार्गावर ठाणे खाडीखाली 7 किलोमीटरचा बोगदा ठरला, तेव्हा खाडीच्या तळाशीही लहरी अशाच मोजल्या.

एक अडचण आपल्याकडची. काळ्या पाषाणाच्या दोन थरांत कधी तांबडी मऊ माती असते. वरचा खडक वेगवान, त्यामुळे खालचा मऊ थर या मोजणीत लपून राहतो. तिथं बोअरच लागतो, आणि बोगद्यात उतरणाऱ्या मजुराला तो थर माहीत असलेला बरा.

16 डिसेंबर 1857 ला नेपल्सकडे भूकंप झाला. मॅलेट तिथे गेले, गावोगाव भिंतींच्या भेगांची दिशा मोजत हिंडले, आणि धक्का सुमारे 10 किलोमीटर खोलून आला असा हिशेब मांडला. 1606 इसवी सनपूर्वपासूनच्या 6,831 भूकंपांची यादीही बापलेकांनी केली.

डब्लिनचेच थॉमस ओल्डहॅम 1851 मध्ये कलकत्त्यास येऊन भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे प्रमुख झाले. 1869 चा काचारचा भूकंप त्यांनी मॅलेट यांच्याच रीतीनं तपासला. मॅलेट यांचा दुसरा मुलगा फ्रेडरिकही याच खात्यात इथं खडक तपासत फिरला. वडिलांची नजर मात्र शेवटची सुमारे सात वर्षं गेली होती. 5 नोव्हेंबर 1881 रोजी लंडनमध्ये ते वारले.