साडेसात लाख ग्रंथ जळाल्यानंतरचा ग्रंथपाल

१ सप्टेंबर १९२३ हा शनिवार होता. दुपारचे बारा वाजायला दोन मिनिटे असताना टोकियो आणि योकोहामा परिसर भूकंपाने हादरला. टोकियो इंपिरियल विद्यापीठाच्या होंगो येथील आवारात वैद्यकीय रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत रसायनांनी पेट घेतला आणि ती आग विद्यापीठाच्या ग्रंथालयापर्यंत पोहोचली. सुमारे साडेसात लाख ग्रंथांपैकी बाहेर काढता आले ते फारच थोडे.

जे जळाले त्यात भारतीय वाचकाला चटका लावणारा एक संग्रह होता. ऋग्वेदाची सायणभाष्यासह छापील आवृत्ती सिद्ध करणारे आणि त्या आवृत्तीवर स्वतःचे नाव ‘मोक्षमूलर भट्ट’ असे संस्कृत वळणाने छापणारे मॅक्स म्युलर १९०० साली ऑक्सफर्डला निवर्तले. त्यांचे दहा हजारांहून अधिक ग्रंथ मित्सुबिशी उद्योगसमूहाचे हिसाया इवासाकी यांनी विकत घेऊन १९०१ साली टोकियो विद्यापीठाला दिले होते. म्युलर यांच्या हाताखाली शिकलेले जुन्जिरो ताकाकुसु याच विद्यापीठात संस्कृत शिकवीत. गुरूचा सारा ग्रंथसंग्रह शिष्याच्या दारी आला आणि बावीस वर्षांनी त्याची राख झाली. कोरियातील चोसन राजवंशाच्या बखरींची एक प्रत जपानी राजवटीने १९१३ साली टोकियोला आणून ठेवली होती. तिचेही बहुतेक खंड गेले. वाचले ते केवळ चौऱ्याहत्तर, आणि तेही वाचनासाठी ग्रंथालयाबाहेर गेलेले होते म्हणून. वेळेवर परत न आलेल्या पुस्तकांवर सारे ग्रंथपाल चिडतात. येथे मात्र तीच तेवढी हाती राहिली.

या ग्रंथालयाचे प्रमुख वादा मान्किची होते. १८९० साली पदवी घेऊन ते ग्रंथालयात रुजू झाले आणि १८९७ पासून त्याचे प्रमुखपद सांभाळत होते. जपानच्या ग्रंथालय संघटनेच्या उभारणीत त्यांचा हात होता. १९०९–१० मध्ये युरोप-अमेरिकेतील ग्रंथालये पाहून त्यांनी सूची, वर्गीकरण आणि प्रशिक्षित सेवकवर्ग यांचा आग्रह धरला होता. एका माणसाने तीन दशके नोंदवून लावून ठेवलेला ठेवा काही तासांत गेला. वादा पदावरून दूर झाले. आगीत त्यांचा काय दोष होता, हा प्रश्न त्या काळच्या जपानी अधिकाऱ्याच्या नीतीत बसणारा नव्हता.

त्यांच्या जागी १९२३ च्या अखेरीस मासाहारु आनेसाकी आले. आनेसाकी ग्रंथपाल नव्हते. क्योतो येथे १८७३ साली जन्मलेले, टोकियोत तत्त्वज्ञान शिकलेले, १९०० साली जर्मनीत जाऊन कील येथे वेदान्ताचे अभ्यासक पॉल डॉयसन यांच्यापाशी बसलेले, १९०३ मध्ये भारतमार्गे मायदेशी परतलेले आणि १९०५ पासून धर्मविज्ञानाच्या अध्यासनावर असलेले ते विद्वान. शोपेनहॉवरचा प्रमुख ग्रंथ त्यांनी जपानीत आणला, निचिरेन या बौद्ध आचार्याचे चरित्र इंग्रजीत लिहिले, १९१३ ते १९१५ या काळात हार्वर्ड विद्यापीठात जपानी संस्कृतीवर व्याख्याने दिली. प्रशासनाचा अनुभव म्हणावा असे त्यात फारसे काही दिसत नाही. मात्र १९०८ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे एक काम या नेमणुकीशी जुळणारे आहे. चिनी भाषांतरातील चार आगम आणि पाली निकाय यांतील सूत्रे एकेक करून ताडून कोणते सूत्र कोठे आढळते याची तालिका त्यांनी तयार केली होती. म्हणजे ग्रंथपालाला हवी ती सवय, एका वस्तूची दुसरीशी न कंटाळता गाठ घालण्याची, त्यांच्या अंगी पूर्वीपासून होती.

पद मिळाले, तरी ते प्राध्यापकीच्या जोडीने सांभाळायचे होते. जपानच्या शासकीय विद्यापीठांत ग्रंथालयाचा प्रमुख म्हणजे अध्यापन करून उरलेल्या वेळात काम पाहणारा प्राध्यापक, ही जुनी रूढी. निरनिराळ्या विद्याशाखा आपापली पुस्तके आपापल्या संशोधन-कक्षांत ठेवीत. मध्यवर्ती ग्रंथालयाचा त्यांच्यावर अधिकार नावापुरता. पैसा सरकारी खात्यातून यायचा आणि भूकंपानंतर सारी राजधानीच नव्याने उभारायची असल्यामुळे ग्रंथालयाची पाळी केव्हा येणार हे उघड होते.

अशा वेळी आधार मिळाला तो दानाचा. किशू तोकुगावा घराण्याचे योरिमिची तोकुगावा यांनी स्वतः चालविलेले ‘नान्की’ ग्रंथालय, सुमारे ९६ हजार ग्रंथांसह, १९२४ साली विद्यापीठाला दिले. कादंबरीकार व सैन्यातील वैद्य ओगाई मोरी यांचा संग्रह त्यांच्या निधनानंतर १९२६ मध्ये आला. त्यात अठरा हजारांवर ग्रंथ होते. ब्रिटनमध्ये पुस्तके जमविण्यासाठी समिती नेमली गेली, इतर देशांतूनही ग्रंथ आले. अमेरिकेचे जॉन डी. रॉकफेलर (धाकटे) यांनी १९२४ च्या डिसेंबरात ४० लाख येन देऊ केले. कुलगुरू योशिनाओ कोझाई यांच्या काळात ही देणगी स्वीकारून वास्तुविशारद योशिकाझु उचिदा यांच्या आराखड्यानुसार नव्या इमारतीचे काम सुरू झाले.

दान घेणे सोपे वाटते. परंतु शेकडो पेट्या येतात तेव्हा प्रत्येक पुस्तक हाती घेऊन त्याची नोंद करावी लागते, दुबार प्रती वेगळ्या काढाव्या लागतात, जपानी, चिनी आणि युरोपीय भाषांतील नावे सूचीत लावावी लागतात. ते करणारी माणसे देणगीतून येत नाहीत. इमारतीला दाता मिळतो. सूचीकाराच्या पगाराला तो क्वचितच मिळतो. शिवाय दिलेले ते गेलेल्याची जागा घेईलच असे नाही. प्रवासवर्णने आणि इतिहासग्रंथ दानात भरपूर येतात. म्युलर यांचा वेदविद्येचा संग्रह मात्र पुन्हा कोठून आणणार? एखादा विद्वान जन्मभर जमवतो तो संग्रह बाजारात मागून मिळत नाही. म्हणूनच पुण्यात रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १९१७ साली स्थापन झालेल्या प्राच्यविद्या संस्थेच्या हवाली आपला ग्रंथसंग्रह केला, याचे मोल जपानमधील या आगीच्या संदर्भात अधिक जाणवते.

ताकाकुसु यांनीही आपल्या परीने उत्तर दिले. चिनी त्रिपिटकाच्या नव्या शुद्ध आवृत्तीचे खंड १९२४ पासून टोकियोत छापून निघू लागले. एका ठिकाणी असलेला ग्रंथ जळतो, शंभर ठिकाणी असलेला जळत नाही. योगायोग असा की दानाचा ओघ एकाच दिशेने वाहत नव्हता. १९१४ साली जर्मन सैन्याने जाळलेल्या बेल्जियममधील लूव्हाँ विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी जपानने १९२४ ते १९२६ या काळात तेरा हजारांहून अधिक खंड पाठविले. स्वतःच्या विद्यापीठाची कपाटे रिकामी असताना दुसऱ्याची भरण्याचा हा निर्णय हिशेबी माणसाला पटणारा नाही. लूव्हाँची नवी इमारत आणि टोकियोची नवी इमारत, दोन्ही १९२८ सालीच पूर्ण झाल्या.

डिसेंबर १९२८ मध्ये होंगो येथे उभी राहिलेली वास्तू आजही उभी आहे. कपाटात पुस्तके उभी लावावीत तशी तिची दर्शनी बाजू दिसते. त्यानंतरही आनेसाकी सहा वर्षे प्रमुख राहिले. या काळात त्यांचे स्वतःचे लेखन थांबले नव्हते: छळाला तोंड देत लपून राहिलेल्या जपानी ख्रिस्ती समाजाच्या इतिहासावरील त्यांची ग्रंथमाला १९२५ पासून निघत होती आणि जपानी धर्माचा इतिहास सांगणारा इंग्रजी ग्रंथ १९३० साली आला. इमारत, देणग्या, सूची यांची व्यवधाने आणि हे संशोधन त्यांनी एकाच वेळी कसे निभावले असेल, याचा विचार करू लागले की आश्चर्यापेक्षा त्यांच्या हाताखालच्या अनामिक सेवकवर्गाचीच आठवण अधिक होते.

१९३४ साली आनेसाकी निवृत्त झाले आणि त्याच वर्षी वादा मान्किची यांचे निधन झाले. निवृत्तीनंतर आनेसाकी राष्ट्रसंघाच्या बौद्धिक सहकार्याच्या कामात होते आणि पुढे वरिष्ठ सभागृहाचे सभासद झाले. १९४५ च्या बॉम्बवर्षावात टोकियो पुन्हा जळाले. होंगोचे आवार मात्र बहुतांशी वाचले. २३ जुलै १९४९ रोजी आनेसाकी यांचे निधन झाले. चोसन बखरींच्या वाचलेल्या खंडांपैकी सत्तावीस खंड १९३२ साली सोलला गेले होते. उरलेले सत्तेचाळीस २००६ साली टोकियो विद्यापीठाने सोल राष्ट्रीय विद्यापीठाला परत केले.