राजगृहाच्या भिंती

सुभेदार रामजी सेवानिवृत्तीनंतर मुलांच्या शिक्षणासाठी मुंबईस आले व परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहू लागले. तीच खोली माजघर, तीच स्वयंपाकघर आणि तीच अभ्यासाची जागा. दोघांना एका वेळी अंग टाकता येईल एवढीही मोकळी जमीन तेथे नव्हती. म्हणून भीमराव लवकर निजे. रात्री दोन वाजता सुभेदार त्यास उठवीत आणि मग स्वतः त्याच जागी आडवे होत. जवळच जाते आणि एक बकरी. मिणमिणत्या दिव्यापुढे मुलाचे वाचन चाले. १९०७ साली तो मॅट्रिक झाला.

पुढे हे कुटुंब परळलाच, दामोदर हॉलजवळच्या सुधार ट्रस्टच्या चाळीत गेले. १८९६ च्या प्लेगानंतर स्थापन झालेल्या या ट्रस्टने कामगारवस्तीसाठी अशा चाळी बांधल्या होत्या. दुसऱ्या मजल्यावर समोरासमोर दोन खोल्या मिळाल्या, पन्नास आणि एक्कावन्न क्रमांकांच्या. एकीत संसार, दुसरीत ग्रंथ. भीमराव न्यूयॉर्क व लंडन येथे शिकले. पोटास चिमटा घेऊन त्यांनी पुस्तके जमविली. १९१७ साली त्यांतील कित्येक पुस्तके, जर्मन पाणबुडीने जहाज बुडविल्यामुळे, समुद्रात गेली. तरी संग्रह पुन्हा वाढला. खोली तेवढीच राहिली.

समजा, दहा फूट लांब व दहा फूट रुंद अशी खोली आहे. नकाशात चारही बाजूंची बेरीज केली, तर भिंतींची लांबी चाळीस फूट येते. तीन फुटांचे दार व चार फुटांची खिडकी वजा करा; तेहतीस फूट उरले. चूल, हंडे व अंथरुणे याच भिंतींना टेकायची. मग कपाटे कोठे उभी करावी? जमिनीचे क्षेत्रफळ मोठे असले म्हणजे पुस्तकांची सोय होते असे नाही. त्यांना भिंत लागते.

आता ते बॅरिस्टर डॉ. आंबेडकर झाले होते. ग्रंथांसाठीच घर बांधावे, असे त्यांनी ठरविले. दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी दोन भूखंड घेतले, बँकेचे कर्ज काढले आणि आराखड्यात स्वतः लक्ष घातले. खालचे दोन मजले राहण्यासाठी व वरचा मजला ग्रंथालयासाठी, अशी योजना ठरली. १९३० साली काम सुरू झाले. मध्यंतरी गोलमेज परिषदांसाठी ते विलायतेस गेले. इकडे विटांवर विटा चढत होत्या. १९३३ च्या सुमारास घर उभे राहिले. प्राचीन मगधाच्या राजधानीवरून त्यास ‘राजगृह’ हे नाव दिले.

रमाबाईंना मात्र हे घर फार दिवस लाभले नाही. २७ मे १९३५ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. दुसऱ्या भूखंडावर ‘चारमिनार’ ही इमारत बांधली होती. कर्ज फेडण्यासाठी व आणखी पुस्तके घेण्यासाठी १९४१ साली बाबासाहेबांनी ती विकली. राजगृह त्यांनी विकले नाही. वरच्या मजल्याच्या भिंती कपाटांनी झाकल्या जात होत्या.