सात तारांचे चौडय्या

बंगळूरच्या मराठी माणसाच्या कानी चौडय्या हे नाव बहुधा प्रथम येते ते एका सभागृहाचे नाव म्हणून. मल्लेश्वरमनजीक गायत्रीदेवी पार्क वसाहतीत १९८० साली उभी राहिलेली ती व्हायोलिनच्या आकाराची वास्तू, तिच्या अंगावरच्या तारा, खुंट्या, घोडी आणि गज हे सारे आपल्या मुलाबाळांच्याही परिचयाचे आहे. नाटकाला वा गाण्याला आपली कुटुंबे तेथे जातात, मध्यंतरात चहा घेतात आणि परततात. परंतु ज्या कलावंताच्या नावाने हे मंदिर उभे आहे, तो कोण होता, त्याने असे काय केले की त्याच्या वाद्याचीच इमारत बांधावी, याची चौकशी क्वचितच होते. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने ज्या नगरीने आपल्याला आश्रय दिला, तिच्या या ऋणाची थोडीशी ओळख करून घ्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

म्हैसूरपासून जवळच, कावेरी आणि कपिला या नद्यांच्या संगमावर तिरुमकूडलु नरसीपुर नावाचे प्राचीन तीर्थक्षेत्र आहे. कपिलेलाच काबिनी असेही म्हणतात. तिसरी गुप्त धारा मानून या स्थानाला त्रिवेणीचे माहात्म्य लाभले आहे. येथेच १८९५ साली चौडय्यांचा जन्म झाला. आपल्या गावाचे नाव त्यांनी जन्मभर स्वतःच्या नावाआधी मिरवले, आणि पुढे स्वतः कृती रचल्या तेव्हा मुद्राही ‘त्रिमकुट’ अशी योजली. संगीताचा ओढा लहानपणीच दिसला आणि १९१० च्या सुमारास हा मुलगा म्हैसूरचे प्रख्यात गायक बिडारम कृष्णप्पा (१८६६ ते १९३१) यांच्या पायाशी जाऊन बसला.

येथे आपल्या वाचकांनी क्षणभर थांबावे. कृष्णप्पा हे मूळचे दक्षिण कानडा भागातील कोंकणी घरातले. म्हैसूर दरबारचे मोठे विद्वान म्हणून त्यांची ख्याती झाली. कोंकणी माणसाने कानडी मुलखात जाऊन कर्नाटक संगीताची गादी सांभाळावी, ही गोष्ट आपल्यासारख्या परप्रांतीयांना धीर देणारी आहे. दुसरे असे की कृष्णप्पा हे गवई होते, व्हायोलिनवादक नव्हते. म्हणजे चौडय्या वाद्य शिकले ते गाणाऱ्याकडून. गुरूने गळ्यातून काढावे आणि शिष्याने तेच तारेवर काढून दाखवावे, असा हा सात-आठ वर्षांचा कडक शिस्तीचा अभ्यास होता. चौडय्यांच्या वादनाचे सारे मर्म या एका गोष्टीत आहे, आणि ते समजण्यासाठी वाद्याचा थोडा इतिहास पाहणे अगत्याचे आहे.

व्हायोलिन हे वाद्य युरोपातले. इंग्रजांबरोबर ते मद्रासेत आले. मुत्तुस्वामी दीक्षितरांचे धाकटे बंधू बाळुस्वामी दीक्षितर (१७८६ ते १८५८) यांनी ते एका युरोपियन वादकाकडून शिकून घेतले आणि आपल्या संगीतासाठी वापरले. त्याच सुमारास तंजावरला दुसरे सरफोजी राजे यांच्या दरबारातही या वाद्याला आदर मिळाला. सरफोजी राजांची कारकीर्द १७९८ ते १८३२ अशी होती. ज्या मराठी दरबाराने ग्रंथ जमविले, वैद्यकाला आश्रय दिला, त्याच दरबारात हे परदेशी वाद्य दक्षिणी राग बोलू लागले, याचा अभिमान आपण अवश्य बाळगावा. तंजावरच्या चौघा नामवंत बंधूंपैकी वडिवेलु यांनी हे वाद्य त्रावणकोरला नेले आणि तेथील महाराजा स्वाती तिरुनाळ यांनी त्यांना १८३४ साली हस्तिदंती व्हायोलिन दिले.

वाद्य आले, पण ते धरण्याची रीत बदलली. पाश्चात्त्य वादक ते हनुवटी आणि खांदा यांच्यामध्ये धरून उभ्याने वाजवतो. आपला दाक्षिणात्य विद्वान मांडी घालून बसतो, वाद्याचे एक टोक छातीशी टेकवतो आणि दुसरे उजव्या पावलावर ठेवतो. यात केवळ बैठकीची सोय नाही. वाद्य असे दोन्ही टोकांना टेकले की डावा हात भार पेलण्यातून पूर्णपणे मोकळा होतो आणि तारेवरून वर-खाली हवा तसा घसरू शकतो. बोट सरावे म्हणून त्याला तेलाचा हात लावण्याचीही चाल आहे.

आता या मोकळ्या हाताने करावयाचे काय? युरोपातील वादक स्वर धरला की मनगट वा बोट हलवून त्याला बारीक कंप देतो. त्याला व्हायब्रेटो म्हणतात. हा कंप स्वराभोवती अगदी थोड्या अंतरात फिरतो, आणि कोठे किती द्यावा हे बहुतांशी वादकाच्या रुचीवर असते. कर्नाटक संगीतातील गमकाची गोष्ट निराळी. तेथे स्वर कोठून निघून कोठपर्यंत डोलावा, किती सावकाश डोलावा, हे राग ठरवतो. तो डोल काढून घेतला तर राग उरतच नाही.

आपल्या कानाला परिचित असे एक उदाहरण देतो. आपल्या भैरवीचे जे स्वर, तेच स्वर कर्नाटकातील तोडीचे आहेत. (आपल्या तोडीशी तिचा संबंध केवळ नावापुरता.) भैरवीत कोमल गंधार आपण निवांत लावतो. तोच गंधार कर्नाटक तोडीत ऋषभापासून मध्यमाकडे हेलकावत राहतो, जणू पाळण्यात घातला आहे. स्वरांची यादी एक, पण डोलामुळे दोन भिन्न जगे. नवशिक्याचे बोट येथेच अडखळते. डोल अधिक झाला तर स्वर बेसूर भासतो, थोडा झाला तर राग परका वाटतो, घाईने झाला तर लय मोडते. शिकणारा प्रथम सरळ स्वर पक्के करतो, मग जोडस्वर आणि अलंकार घोटतो, गीते आणि वर्णम् यांतून एकेका रागाचा डोल अंगी बाणवतो. या सर्वांची लिखित सूत्रे अपुरी पडतात. गुरूच्या गळ्याकडे कान लावून बोटाने मागोवा घ्यावा, हाच राजमार्ग. कृष्णप्पांसारखा गवई गुरू म्हणून लाभल्यामुळे चौडय्यांचे बोट गळ्यासारखे वळू लागले.

आपल्याकडेही हाच अनुभव आहे. गजाननबुवा जोशी (१९११ ते १९८७) हे मोठे गवई आणि तितकेच मोठे व्हायोलिनवादक होते. त्यांची मींड गळ्यातूनच तारेवर उतरली होती. वाईला जन्मलेले व्ही. जी. जोग (१९२२ ते २००४) यांनी हे वाद्य उत्तरेच्या मैफलींत स्वतंत्रपणे प्रतिष्ठित केले.

शिक्षण पुरे झाल्यावर चौडय्या साथीदार म्हणून मैफलींतून बसू लागले आणि लौकरच त्यांची कीर्ती म्हैसूरबाहेर पसरली. चेंबै वैद्यनाथ भागवतर, अरियक्कुडी रामानुज अय्यंगार, मुसिरी सुब्रह्मण्य अय्यर, सेम्मंगुडी श्रीनिवास अय्यर अशा थोर गायकांना त्यांनी साथ केली. चेंबै यांचे गायन, चौडय्यांचे व्हायोलिन आणि पालघाट मणि अय्यर यांचा मृदंग हे त्रिकूट तर दक्षिणेत गाजले.

पण साथ करताना एक अडचण त्यांना सतत जाणवे. त्या काळी सभांतून ध्वनिवर्धक नव्हते. गायकाचा आवाज खणखणीत, मृदंगाचा घुमारा मोठा, श्रोते शेकड्यांनी. मधल्या व्हायोलिनचा नाजूक नाद मागच्या रांगांपर्यंत पोहोचतच नसे. ज्या डोलासाठी वर्षानुवर्षे बोटे झिजवली, तो ऐकूच जाऊ नये, हे दुःख कलावंतालाच कळेल. यावर चौडय्यांनी १९२७ च्या सुमारास धाडसी तोड काढली. मूळच्या चार तारांच्या जोडीला त्यांनी आणखी तीन तारा बसविल्या. सात तारांचे हे वाद्य एकदम भारदस्त घुमू लागले. पुढे अनुनादाच्या तारा घालून एकोणीस तारांचाही प्रयोग त्यांनी केला.

हे धाडस म्हणण्याचे कारण आहे. सर्वमान्य झालेल्या वाद्याला हात लावणे रसिकांना सहसा रुचत नाही. शिवाय प्रत्येक नवी तार म्हणजे बिघडण्याची एक नवी जागा. जोडतारा तंतोतंत जुळल्या नाहीत तर नाद मोठा होण्याऐवजी फाटतो. आणि डोल द्यावयाचा तर एकाच बोटाखाली दोन तारा सारख्या दाबून, दोन्ही सारख्या अंतराने आणि एकाच वेगाने हेलकावायला हव्यात. एका तारेवर जे कष्टाने साधते, ते दोन तारांवर एकदम साधणे हे बोटाच्या ताकदीचे आणि कानाच्या सावधपणाचे काम. चौडय्यांनी ते साधले, आणि दमदार गजाच्या जोरावर सभा भारून टाकल्या.

याच वेळी हजारो मैलांवर चीनमध्ये एक विलक्षण जुळणारी घटना घडत होती. लिउ तियानहुआ या संगीतकाराचा जन्मही १८९५ चाच. त्याचे वाद्य अरहू. दोनच तारा, सापाच्या कातड्याने मढविलेला छोटा पोकळ डबा, आणि दोन तारांच्या मधून फिरणारा गज. या वाद्याला तारांखाली पट्टीच नसते. बोट अधांतरी तारेवरच टेकते. त्यामुळे कंप देण्याच्या रीतीही निरनिराळ्या. बोट जागच्या जागी लोळविणे, तार कमी-अधिक दाबणे, किंवा बोट वर-खाली सरकविणे. अरहू तेव्हा तमाशेवाल्यांचे आणि रस्त्यावरच्या वादकांचे हलके वाद्य मानले जाई. लिउने व्हायोलिनचा अभ्यास करून त्यातील हाताच्या जागा, गजाची शिस्त आणि कंपाची पद्धत अरहूवर आणली, ४७ अभ्यासपाठ आणि १० स्वतंत्र रचना लिहिल्या, १९२७ साली राष्ट्रीय संगीताच्या सुधारणेसाठी संस्था काढली, आणि १९३२ साली अकाली मृत्यू पावला. तेथे घरच्या वाद्याला बाहेरची विद्या मिळाली, येथे बाहेरच्या वाद्याला घरची. दोघांची एकमेकांना वार्ताही नसावी. तरीही दोघांनी एकच गोष्ट सिद्ध केली, की वाद्य कोठले हे गौण असून बोटाने काय आत्मसात केले हेच खरे.

चौडय्यांना मानसन्मान भरपूर मिळाले. ते म्हैसूर दरबाराचे आस्थान विद्वान झाले. मद्रासच्या संगीत अकादमीने १९५७ साली त्यांना संगीत कलानिधी ही पदवी दिली. १९४३ साली त्यांनी ‘वाणी’ हा कानडी चित्रपट काढला आणि त्यात स्वतः भूमिकाही केली. कंददेवी अळगिरिस्वामी यांच्यासारखे शिष्य त्यांच्या हाताखाली तयार झाले. १९ जानेवारी १९६७ रोजी हा नादयोगी निवर्तला.

आता त्यांच्या सात तारांचे पुढे काय झाले, तेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ध्वनिवर्धक सर्वत्र आले आणि ज्या अडचणीपोटी त्या तारा जन्मल्या, ती अडचणच संपली. मोजक्याच वादकांनी ते वाद्य पुढे चालविले; बाकीचे चार तारांकडेच राहिले. एका अर्थी चौडय्यांचा सर्वांत गाजलेला शोध काळाने मागे टाकला. मात्र कृष्णप्पांच्या गळ्यातून त्यांच्या बोटात आणि त्यांच्या बोटातून शिष्यांच्या बोटात उतरलेला स्वरांचा डोल काही मागे पडला नाही. तारा वाद्याला लावल्या होत्या, त्या उतरल्या. विद्या माणसाला लागली होती, ती राहिली.

ही गोष्ट आम्हांला आपल्या मंडळासाठी फार मोलाची वाटते. बदलीच्या नोकरीने वा उद्योगधंद्याने येथे आलेल्या आपल्या कित्येक घरांतून आज मुले शेजारच्या कानडी वा तमिळ गुरूंकडे व्हायोलिन शिकतात. संध्याकाळी घरात तोडीचा गंधार घोटला जातो आणि आजी-आजोबांच्या मनात शंका येते, की नातवंड आपल्या भैरवीला, नाट्यपदाला, अभंगाला पारखे तर होणार नाही? शंका मायेपोटी आहे, म्हणून ती हसण्यावारी नेऊ नये. परंतु तंजावरचा मराठी दरबार, कोंकणी घरातले कृष्णप्पा आणि त्यांचे कानडी शिष्य चौडय्या यांच्याकडे पाहिले म्हणजे तिचे उत्तर सापडते. कानडी मुलखातून भीमसेन जोशी पुण्याला आले आणि आपले झाले. मराठी मुलाने कावेरीकाठचा डोल बोटात घेतला तर तो काही परका होत नाही. परका होतो तो ज्याला कोठलाच स्वर नीट लागत नाही तो. घरी आपण आपली पदे गावीत, अभंग म्हणावेत, आणि मुलाने ती त्याच व्हायोलिनवर काढावीत. कृष्णप्पांच्या शिष्याची वाट याहून वेगळी नव्हती. त्यांनीही ऐकलेले गाणेच तारेवर उतरविले.

मंडळाची पन्नास वर्षे म्हणजे सुद्धा असाच एक दीर्घ अभ्यास आहे. गणेशोत्सव, नाटके, हळदीकुंकू, ग्रंथालय यांची बाह्य रूपे काळानुसार बदलतील, काही गळूनही पडतील. त्याचा खेद करू नये. पिढीने पिढीच्या हाती काय दिले, तेवढेच अखेर टिकते. यापुढे त्या व्हायोलिनच्या आकाराच्या सभागृहात आपण जाल, तेव्हा नाटकाची घंटा होण्यापूर्वी मुलांना हे चरित्र थोडक्यात अवश्य सांगावे, अशी आमची वाचकांना नम्र विनंती आहे.