फादर लमेत्र यांनी खोडलेला परिच्छेद

विश्वाला आरंभ असावा असे विज्ञानाच्या भाषेत मांडणारे जॉर्ज लमेत्र हे धर्मगुरू होते, हे आपण ऐकले असेल. त्या आरंभाला पवित्र शास्त्राचा पुरावा म्हणू नये असा आग्रहही त्यांचाच होता, हे मात्र आपल्या व्यासपीठांवरून क्वचितच सांगितले जाते.

त्यांचा जन्म १८९४ साली बेल्जियममधील शार्लरुवा येथे झाला. पहिल्या महायुद्धात ते तोफखान्यात होते. १९२३ मध्ये त्यांना याजकीय दीक्षा मिळाली. तरुणपणी मोह त्यांनाही झाला होता. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातील देवाच्या शब्दांचा भौतिकशास्त्राशी मेळ घालणारा निबंध त्यांनी १९२१ मध्ये लिहिला. पुढे ती वाट त्यांनी सोडली. (भाषांतरकाराला हा मोह परिचित आहे. त्याच अध्यायातील ‘अंतराळ’ हा शब्द वाचताना आज उपग्रह आठवतात, आणि इब्री लेखकाच्या मनात नसलेला अर्थ वचनात हळूच शिरतो.)

विश्व प्रसरण पावत आहे, हे त्यांनी १९२७ मध्ये गणिताने दाखविले. आइन्स्टाइन यांना गणित मान्य झाले, निष्कर्ष रुचला नाही. १९३१ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकास पाठविलेल्या छोट्या लेखात, सारे विश्व एकाच आद्य अणूतून निघाले असावे, ही कल्पना त्यांनी मांडली. हस्तलिखिताच्या शेवटी अदृश्य राहणाऱ्या परमेश्वराविषयी एक परिच्छेद होता. लेख धाडण्यापूर्वी तो त्यांनी स्वतःच खोडला.

खरी कसोटी पुढेच होती. नोव्हेंबर १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी, नवे खगोलशास्त्र सृष्टीच्या निर्मितीची साक्ष देत आहे, अशा आशयाचे भाषण केले. किती ख्रिस्ती जनांना आनंद झाला असेल! लमेत्र मात्र अस्वस्थ झाले. हा सिद्धांत म्हणजे पाद्र्याचा डाव, असा संशय काही शास्त्रज्ञांना आधीच होता. शिवाय आजची उपपत्ती उद्या ढासळली, तर तिच्यावर टेकवलेल्या विश्वासाचे काय? स्वतःच्या सर्वोच्च धर्माधिकाऱ्यांच्या शब्दांविषयी शंका घेणे याजकाला सोपे नव्हते. तरीही त्यांनी आपले म्हणणे पोपच्या शास्त्रीय सल्लागारांपर्यंत पोहोचविले. सप्टेंबर १९५२ मध्ये रोम येथे जमलेल्या खगोलशास्त्रज्ञांपुढे बोलताना पोपनी तो दावा पुन्हा केला नाही.

यात विश्वासाची माघार नव्हती. भौतिक आरंभ हा एक प्रश्न, आणि प्रत्येक क्षणी सृष्टी देवाच्या आधाराने उभी आहे हा दुसरा. पहिल्याच्या उत्तरावर दुसरा अवलंबून नाही, असे ते मानीत. १९६० पासून मृत्यूपर्यंत ते पोपच्या विज्ञान अकादमीचे अध्यक्ष होते.

आद्य विश्वाच्या उष्णतेचा अवशेष असलेले प्रारण १९६५ मध्ये सापडल्याचे वृत्त त्यांना अखेरच्या आजारपणात समजले. २० जून १९६६ रोजी ते निवर्तले.