पॅलेडियमचा अबोल जनक

घरी केलेल्या सर्किट बोर्डाच्या भोकांत तांबे चढवायचे म्हटले की पॅलेडियम क्लोराइडच्या द्रावणाशी माझी गाठ पडते. भोकाची भिंत वीज न वाहणारी. तिच्यावर आधी पॅलेडियमचे सूक्ष्म कण बसले, तरच द्रावणातले तांबे तिथे धरते. हे महागडे द्रावण थेंब थेंब जपताना मला विल्यम हाइड वोलॅस्टन आठवतो.

१७६६ साली इंग्लंडच्या नॉरफक परगण्यात जन्मलेला हा गृहस्थ पेशाने डॉक्टर. १८०० मध्ये वैद्यकी सोडून त्याने स्मिथसन टेनंटबरोबर प्लॅटिनमचा धंदा मांडला. अम्लराजात विरघळवलेल्या खनिजातून प्लॅटिनम काढून घेतल्यावर उरलेल्या द्रावणात १८०२ मध्ये त्याला नवा धातू सापडला. पल्लास या त्याच वर्षी दिसलेल्या लघुग्रहावरून त्याचे नाव ठेवले पॅलेडियम. आणि मग? शास्त्रज्ञांना सांगायचे सोडून पठ्ठ्याने १८०३ मध्ये निनावी पत्रक काढून तो धातू लंडनच्या सोहो भागातल्या एका दुकानात चक्क विकायला ठेवला!

रिचर्ड चेनेव्हिक्सने उरलेला सगळा साठा उचलला आणि हा प्लॅटिनम व पाऱ्याचा मिश्रधातू आहे, असा निबंध रॉयल सोसायटीपुढे आणला. वोलॅस्टन गप्प. उलट पॅलेडियम बनवून दाखवणाऱ्यास २० पौंडांचे बक्षीस त्याने लावले, तेही निनावीच. १८०५ मध्ये त्याने कबुली दिली, तेव्हा चेनेव्हिक्स तोंडघशी पडला. धंद्याचे गुपित राखावे, हे मी समजू शकतो. सहकाऱ्याला असे खड्ड्यात जाऊ देणे मात्र मला आजही खटकते.

प्लॅटिनम घडवण्याची आपली रीत त्याने जगाला सांगितली ती १८२८ मध्ये. त्याच वर्षी डिसेंबरात तो गेला.