इंदूरची लेक : डॉ. कमला सोहोनी

दुर्गाबाई भागवतांची पुस्तके आपल्या बहुतेक घरांत आहेत. पण त्यांच्या धाकट्या बहिणीने केलेले संशोधन आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? ही बहीण म्हणजे जीवरसायनशास्त्रज्ञ डॉ. कमला सोहोनी. त्यांचा जन्म 1911 साली आपल्या इंदुरातला, म्हणून यंदाच्या गणेशोत्सवात या विद्याव्रती लेकीचे स्मरण आम्ही करत आहोत.

वडील नारायणराव आणि काका माधवराव, दोघेही रसायनशास्त्रज्ञ आणि बंगलोरच्या टाटा विज्ञान संस्थेचे सुरुवातीचे विद्यार्थी. कमलाबाईंनाही तिथेच शिकायचे होते. 1933 साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. परीक्षा त्या पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाल्या आणि त्यांनी अर्ज केला. संचालक होते नोबेल विजेते सर सी. व्ही. रामन. केवळ मुलगी म्हणून त्यांनी नकार दिला. कमलाबाई हटल्या नाहीत, कारण विचारायला थेट संचालकांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. अखेर प्रवेश मिळाला तो अटींवर. पहिले वर्ष परीक्षेचे, काम पसंत पडले तरच ते मान्य होणार, आणि मुलांच्या अभ्यासात व्यत्यय येता कामा नये. अटी त्यांनी मान्य केल्या, पण हा स्त्रीजातीचाच अपमान आहे ही सल आयुष्यभर मनात राहिली.

श्रीनिवासय्या या कडक शिस्तीच्या गुरूंच्या हाताखाली त्यांनी दूध आणि कडधान्यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. वर्ष संपले, काम पसंत पडले, आणि पुढे त्या संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला.

नंतर केंब्रिज. आपण खाल्लेले अन्न शरीरात एकदम जळत नाही. विकरे, म्हणजे एंझाइम, ते पायरीपायरीने मोडतात, आणि शेवटी इलेक्ट्रॉन हातोहात पुढे सरकत प्राणवायूपर्यंत पोचतात. या साखळीतला एक महत्त्वाचा दुवा म्हणजे सायटोक्रोम सी. प्राण्यांत आणि यीस्टमध्ये तो आधी सापडला होता. बटाट्यावर काम करताना कमलाबाईंना तो वनस्पतींतही आढळला. म्हणजे बटाट्याची पेशी आणि आपली पेशी एकाच रीतीने श्वास घेतात! अवघ्या चाळीसेक पानांच्या प्रबंधावर 1939 साली त्यांना पीएच.डी. मिळाली. विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या अगदी पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी त्या एक.

परदेशात न राहता त्या मायदेशी परतल्या. दिल्ली आणि कुन्नूर इथे काम करून 1947 साली विवाहानंतर मुंबईस आल्या. तिथल्या विज्ञान संस्थेत विद्यार्थ्यांसह त्यांनी गरिबाच्या ताटातले अन्न तपासले. नीरेच्या पोषणमूल्यावरील कामाबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. आरे दूध प्रकल्पालाही त्यांनी सल्ला दिला. पुढे त्या संस्थेच्या संचालिका झाल्या. निवृत्तीनंतर ग्राहक चळवळीत उतरून अन्नातील भेसळीविरुद्ध लिहीत, बोलत राहिल्या. 1998 साली त्यांचे निधन झाले.

आपल्या घरांतल्या मुली आज शिकतात, याचा आम्हांला अभिमान आहे. पण पदवीनंतर पुढे शिकायचे म्हटले की, लग्न ठरेपर्यंत शीक, गावातच शीक, अशा अटी अजूनही निघतात. कमलाबाईंनी अटी पाळून त्या खोट्या ठरवल्या. आपल्या लेकींवर ती वेळ न आणणे, एवढे तरी आपल्या हातात आहे.