विश्लेषण : जुन्या हॉटेलांच्या पत्त्यात दिसणारा 'जेएसएस रोड' नेमका कुणाच्या नावाचा?

सुट्टीच्या दिवशी सकाळी गिरगावात नाश्त्याला जायचं ठरलं, की आपण आधी मोबाइलमध्ये नकाशा उघडतो. धोबी तलावजवळच्या जेर महाल इमारतीतलं कयानी हे १९०४ सालचं इराणी हॉटेल शोधा किंवा लाकडी जिन्यांची घरं बघायला खोताची वाडी शोधा, पत्त्यात एक नाव हमखास दिसतं, जेएसएस रोड. बन मस्का संपतो, फोटो काढून होतात, पण हे 'जेएसएस' कोण, हा प्रश्न बहुतेकांच्या डोक्यात येतच नाही.

जेएसएस म्हणजे जगन्नाथ शंकरशेट. सगळी मुंबई त्यांना नाना शंकरशेट म्हणून ओळखत होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो ३ ची पूर्ण मार्गिका सुरू झाली आणि आता थेट गिरगावात उतरता येतं. याच मार्गिकेवर मुंबई सेंट्रलजवळच्या स्थानकालाही नानांचंच नाव आहे. नाव रोज कानावर पडतं, माणूस मात्र फारसा माहीत नाही. म्हणूनच ही गोष्ट.

नाना शंकरशेट कोण होते?

जन्म १० फेब्रुवारी १८०३, ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाडचा. आडनाव मुरकुटे, जात दैवज्ञ ब्राह्मण, घरचा धंदा सराफी आणि व्यापाराचा. हे कुटुंब अठराव्या शतकातच मुंबईत आलं होतं. फोर्टमधल्या 'गनबो स्ट्रीट'चं नाव नानांचे पूर्वज गनबाशेट यांच्यावरून पडलं असं मानलं जातं. आज त्याच रस्त्यावर आयडियल कॉर्नर हे पारशी पदार्थांचं हॉटेल आहे. म्हणजे धनसाक खायला गेलात तरी शंकरशेट घराणं पत्त्यात भेटतंच.

आई भवानीबाई नाना लहान असतानाच गेल्या. १८२२ मध्ये वडिलांचंही निधन झालं आणि ऐन एकोणिसाव्या वर्षी सगळा कारभार अंगावर आला. हा कारभार त्यांनी असा सांभाळला, की अरब आणि अफगाण व्यापारी आपली मौल्यवान चीजवस्तू बँकेऐवजी नानांकडे ठेवत. पुढच्या त्रेचाळीस वर्षांत नानांनी जे काही उभं केलं, त्याचा पाया पैसा होताच, पण त्याहून जास्त हा विश्वास होता.

तेव्हाचं गिरगाव कसं होतं?

आज आपण गिरगावला 'हेरिटेज' म्हणतो. नानांच्या तरुणपणी मात्र हा भाग कोटाबाहेरचा होता. खरं शहर म्हणजे तटबंदीच्या आतला फोर्ट. बाहेर नारळाच्या वाड्या, शेतं आणि मोकळ्या जागा होत्या. खोताची वाडी, फणसवाडी, चंदनवाडी या नावांमधली 'वाडी' त्याच काळाची खूण आहे. नानांच्या आयुष्यातच हे चित्र पालटलं. वस्ती वाढली, रस्ते झाले, आणि त्यांच्या शेवटच्या काही वर्षांत कोटाच्या भिंतीही पाडल्या गेल्या.

म्हणजे आज जुनं म्हणून जे आपण बघायला जातो, ती त्या काळातली अगदी नवी मुंबई होती. नाना हे नवेपण अडवणारे नव्हते. उलट ते आणण्यात पुढे होते.

पहिल्या रेल्वेशी त्यांचा संबंध काय?

१८४५ मध्ये नाना आणि सर जमशेटजी जीजीभॉय यांनी मुंबईत रेल्वे यावी म्हणून पुढाकार घेतला. त्यातूनच पुढे 'ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे'शी म्हणजे जीआयपीशी हे दोघे जोडले गेले.

रेल्वेचा खर्च तेव्हा प्रचंड होता. इंग्लंडमधल्या गुंतवणूकदारांनी पैसे घालावेत म्हणून ईस्ट इंडिया कंपनीने पाच टक्के परताव्याची हमी दिली, आणि १८४९ च्या करारानंतर कामाला गती आली. पण पैशांइतकीच गरज होती ती स्थानिक पाठबळाची. लोखंडी रुळांवरून वाफेने धावणारी गाडी लोकांनी कधी पाहिली नव्हती. तिच्यात बसायला लोक तयार होतील का, हाच मोठा प्रश्न होता. अशा वेळी नानांसारखा माणूस सोबत असणं कंपनीसाठी मोलाचं होतं.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याकडे पहिली प्रवासी गाडी सुटली. १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे आणि जवळपास ३४ किलोमीटरचा प्रवास. त्या पाहुण्यांमध्ये नानाही होते.

शाळेचा वाद काय होता?

नानांचा सर्वांत मोठा लढा शिक्षणाचा होता. विशीत असतानाच ते बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीच्या कामात पडले. १८४० मध्ये सरकारने बोर्ड ऑफ एज्युकेशन नेमलं, तेव्हा त्यात तीन भारतीय सदस्य होते. नाना त्यातले एक.

१८४७ च्या सुमारास या बोर्डातच मोठा वाद झाला. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचा कल इंग्रजी माध्यमाकडे होता. नानांचं म्हणणं वेगळं होतं. इंग्रजी शिकायला त्यांचा विरोध नव्हता, ते स्वतः उत्तम इंग्रजी जाणत होते. पण सामान्य माणसापर्यंत ज्ञान पोहोचवायचं असेल तर ते त्याच्या भाषेतूनच पोहोचेल, अशी भूमिका त्यांनी बोर्डासमोर लेखी मांडली. पावणेदोनशे वर्षांनंतरही मराठी शाळांबद्दलची आपली चर्चा याच मुद्द्याभोवती फिरते.

मुलींच्या शिक्षणालाही त्यांनी हात दिला. एल्फिन्स्टनच्या तरुण विद्यार्थ्यांच्या स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीने १८४९ मध्ये मुलींच्या शाळा सुरू केल्या, तेव्हा नानांनी आपल्या वाड्यात शाळेला जागा दिली. मुलीला शिकवलं तर घर बुडेल असं म्हणणाऱ्यांचा तो काळ. अशा वेळी शहरातल्या प्रतिष्ठित घराचा दरवाजा उघडणं, हा अनेक आईबापांसाठी मोठा दिलासा होता. त्याआधी सतीबंदीच्या कायद्यालाही नानांनी पाठिंबा दिला होता.

ग्रँट रोडचं थिएटर त्यांचंच का?

ग्रँट रोड स्टेशनसमोरचं १९१४ सालचं मेरवान मावा केकसाठी प्रसिद्ध झालं. पण त्याच्या कितीतरी आधी हा भाग नाटकांसाठी ओळखला जात होता. १८४६ मध्ये नानांच्या जागेवर इथे नाट्यगृह उभं राहिलं. सुरुवातीला तिथे इंग्रजी नाटकं होत. १८५३ मध्ये सांगलीहून विष्णुदास भावे यांची मंडळी आली आणि या रंगमंचावर मराठी नाटक झालं. पुढे पारशी आणि गुजराती नाटक मंडळ्याही इथेच बहरल्या. आज ते नाट्यगृह नाही, पण जवळचा नाना चौक मात्र आहे.

राजकारणात त्यांचं स्थान काय?

२६ ऑगस्ट १८५२ रोजी बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली. काँग्रेसच्या स्थापनेच्या ३३ वर्षं आधीची ही संस्था. पारशी, हिंदू, मुस्लिम अशा सगळ्या समाजांतले पुढारी तिच्यात होते, आणि अध्यक्ष होते नाना. कारभारातल्या त्रुटी मांडणारा अर्ज या संस्थेने थेट ब्रिटिश संसदेकडे पाठवला.

सरकारदरबारी एवढं वजन असूनही १८५७ च्या उठावात नानांवर संशय घेतला गेला. त्यातून काही निष्पन्न झालं नाही. १८६२ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळावर भारतीय सदस्य नेमले गेले, तेव्हा त्या पहिल्या काही जणांत नाना होते. भायखळ्याच्या राणीच्या बागेतलं वस्तुसंग्रहालय, म्हणजे आजचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, उभं राहावं म्हणून डॉ. भाऊ दाजींबरोबर नानांनीही धडपड केली. १८६२ मध्ये त्याची कोनशिला बसली. ते १८७२ मध्ये खुलं झालं, तेव्हा नाना नव्हते.

सोनापूरची गोष्ट आज का महत्त्वाची?

नानांच्या आयुष्यातला एक प्रसंग गिरगावकर आजही सांगतात. समुद्राकडच्या बाजूला सोनापूर नावाची स्मशानभूमी होती. शहर वाढत होतं, भोवती वस्ती आली होती. त्यामुळे ती उठवून शिवडीला न्यावी असा सरकारी विचार होता. नियोजनाच्या दृष्टीने त्यात चूक काढणं कठीण. पण गिरगाव, भुलेश्वर, काळबादेवीच्या माणसाने आपल्या घरातलं माणूस खांद्यावर घेऊन एवढ्या लांब कसं जायचं? नानांनी हा प्रश्न लावून धरला आणि स्मशानभूमी जागेवरच राहिली. चंदनवाडीला आजही अंत्यसंस्कार होतात, ते त्यामुळेच.

रेल्वे आणणारा माणूस स्मशान हलवायला विरोध करतो, यात विसंगती वाटू शकते. पण दोन्हीमागचा विचार एकच दिसतो. शहर बदलू दे, पण बदलताना तिथल्या माणसाची जागा जाता कामा नये. नवी शाळा हवी, पण त्याच्या भाषेत. नवं नाट्यगृह हवं, पण त्यावर त्याचंही नाटक व्हायला हवं.

नेमका हाच प्रश्न आज गिरगावसमोर आहे. मेट्रोसाठी गिरगाव आणि काळबादेवीतल्या जुन्या इमारती पाडाव्या लागल्या, तेव्हा त्याच परिसरात पुनर्वसन व्हावं ही रहिवाशांची मुख्य मागणी होती. चाळींच्या जागी टॉवर येत आहेत. खोताची वाडीतली अनेक जुनी घरं गेली. तिथली माशांच्या जेवणासाठी प्रसिद्ध असलेली अनंताश्रम खाणावळ केव्हाच बंद झाली. खाणावळ बंद पडते ती बहुतेकदा चव बिघडली म्हणून नाही. रोज जेवायला येणारं गिऱ्हाईक उपनगरात राहायला गेलेलं असतं, किंवा पुढच्या पिढीला तो धंदा करायचा नसतो. इमारत 'हेरिटेज' यादीत टाकून वाचवता येते. तिच्या तळमजल्यावर रोज सकाळी चहा पिणारा माणूस यादीत टाकता येत नाही.

शेवट कसा झाला?

१८६५ चा जुलै मुंबईसाठी वाईट होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. युद्ध संपलं, भाव कोसळले आणि १ जुलैला शेअर बाजारातला फुगा फुटला. मोठमोठे व्यापारी रस्त्यावर आले. त्याच महिन्याच्या शेवटी, ३१ जुलै १८६५ रोजी, नाना गेले. वय ६२.

एशियाटिक सोसायटीच्या टाऊन हॉलमध्ये त्यांचा संगमरवरी पुतळा आहे. मॅट्रिकला संस्कृतमध्ये चमकणाऱ्या विद्यार्थ्याला मिळणारी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती पुढे पिढ्यान्‌पिढ्या मानाची ठरली. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांनी ती १९१२ मध्ये मिळवली होती. मुंबई सेंट्रल स्थानकाला नानांचं नाव द्यावं, असा ठराव राज्य विधिमंडळाने जुलै २०२४ मध्ये केला.

गिरगावात गेलात तर हे नक्की बघा

कयानीतला चहा झाला की जेएसएस रोडने चिरा बाजारमार्गे ठाकूरद्वारकडे चालत या. विनय हेल्थ होममध्ये मिसळ खा, मग खोताची वाडीत शिरा. तिथे लोक राहतात, त्यामुळे कुणाच्या दारात उभं राहून फोटो काढण्याआधी विचारा. तिथून ऑपेरा हाऊसमार्गे नाना चौक गाठा. शंकरशेट घराण्याचं भवानी-शंकर मंदिर याच भागात आहे.

आणि वाटेत एखादं जुनं हॉटेल उघडं दिसलं, तर नुसता फोटो काढून पुढे जाऊ नका. आत बसा, काहीतरी मागवा आणि बिल देऊन निघा.